एका आवाजाचं गाव

आमच्या गावाने एका पाहुणीसाठी घरं जाळायची तयारी केली होती, असं मिस्लाव हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. किनाऱ्याला होडी लागली की हा पुढे. आलेल्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आमच्या अंगणात आणतो, जुन्या घराच्या पायाचे काळे पडलेले दगड दाखवतो आणि म्हणतो, "बघा, इथे घर होतं. गेलं तर गेलं. पण पाहुणीला हात लावू दिला नाही आम्ही." आम्ही! तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घर माझं होतं. आग मी लावली. आणि पाहुणीला हात लावणाऱ्यांत पहिला हात मिस्लावचा होता. तो गावचा म्होरक्या आहे आणि माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ आहे, म्हणून मी गप्प बसेन असं त्याला वाटतं. मी कुठली गप्प बसते! पण तो सांगतो तेव्हा मधाची दारू वाटतो, आणि मी सांगते तेव्हा नुसतंच सांगते. लोक कुणाचं ऐकणार?

माझं नाव तिहा. आमच्या बोलीत त्याचा अर्थ शांत. नाव ठेवलं तेव्हा मी नुकती जन्मले होते, त्यामुळे बापाला दोष देत नाही.

ओद्रा नदी खाडीला मिळते तिथे आमचं गाव आहे. आम्ही ल्युतिच. पश्चिमेला सॅक्सन, त्यांना राजा. पूर्वेला पोल, ते आमचेच भाऊबंद, पण त्यांनीही एक राजा करून घेतला. आम्हाला राजा नाही, आणि याचा आमच्या पुरुषांना इतका अभिमान आहे की विचारू नका. आमच्याकडे सभा असते. देवराईच्या कडेला मोठ्या ओकच्या झाडाखाली सगळे घरधनी जमतात, आणि सगळ्यांचा आवाज एक झाल्याशिवाय कुठलीच गोष्ट ठरत नाही. ऐकायला किती छान वाटतं! मिस्लाव पाहुण्यांना सांगताना इथेच थांबतो. पुढचं मी सांगते. एखाद्याचा आवाज वेगळा निघाला, तर तो बाकीच्यांसारखा होईपर्यंत त्याला काठ्यांनी मारतात. कुरण कुणी वापरायचं, जाळी कुठे टाकायची, सगळं असंच ठरत आलं. चार काठ्या बसल्या की माणूस वळणावर येतो, घरी जाऊन बायकोकडून पाठीला चरबी चोळून घेतो आणि जेवायला बसतो. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दुसरी रीत पाहुण्याची. दारात आलेल्याने भाकर आणि मीठ खाल्लं, की तो त्या घराचा झाला. त्याला जो हाकलेल किंवा दुसऱ्याच्या हाती देईल, त्याचं घर कुणीही जाळावं. जाळणाऱ्याला अडवायचं नाही, त्याच्याकडे भरपाई मागायची नाही. या रीतीचाही आम्हाला फार अभिमान. ती वापरायची वेळ कुणावर आलेली नव्हती, म्हणून अभिमान बाळगणं सोपं होतं.

या दोन्ही रीती एकमेकींसमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या वर्षी राहिल्या.

शरदात हेरिंग मासे खाडीत शिरतात. त्या वर्षी इतके आले, की जाळी ओढून ओढून पुरुषांचे हात सोलवटले. पिंपं धुऊन तयार होती, मासे चिरायला घेतले होते, आणि गावात मीठ नव्हतं. मीठ आणतो तो सॅक्सन व्यापारी. त्याची दाढी लाल, म्हणून गाव त्याला लालदाढ्या म्हणायचं. तो येताना मीठ आणायचा आणि जाताना माणसं न्यायचा. नदीच्या वरच्या अंगाला कुठे ना कुठे लढाई चालूच असते. त्यात पकडलेली माणसं तो विकत घ्यायचा आणि लांब दक्षिणेला नेऊन विकायचा. ती माणसं होडीत बांधलेली बसलेली असायची. आमचे पुरुष बाजूच्या होडीतून पोती उतरवायचे आणि तिकडे बघायचे नाहीत.

त्याच्या होड्या किनाऱ्याला लागल्या त्या सकाळी मी मागच्या दाराशी मासे चिरत होते. लव्हाळ्यांतून एक तरुण बाई बाहेर आली. कमरेपर्यंत चिखल, दोन्ही मनगटांना दोरीचे वळ. माझ्या हातातल्या सुरीकडे बघून ती थबकली. मी सुरी खाली ठेवली.

"मले पानी दे, माय," ती म्हणाली.

ती पार वरच्या अंगाची, डोंगराकडची असावी. बोली आमच्याच मुळाची, फक्त चाल वेगळी. पाणी, आग, भाकर, आई, सगळे शब्द आमचे तेच तिचे. लालदाढ्याशी बोलताना मला अर्धे हातवारे करावे लागतात. हिच्याशी बोलताना एकही करावा लागला नाही. मी तिला पाणी दिलं. काळ्या भाकरीचा तुकडा तोडला, मडक्याच्या तळाशी चिकटलेलं शेवटचं मीठ बोटाने खरवडून त्यावर घातलं आणि तिच्या हातात ठेवलं. ती उभ्या उभ्याच खायला लागली. नाव विचारलं तर तोंडात घास असतानाच म्हणाली, नेझका.

"मले कोनी धरून देनार नाही ना?" तिने विचारलं.

"भाकर-मीठ खाल्लंस ना? मग झालं. आता तू या घरची," मी म्हटलं. "बघते कोण हात लावतो ते."

माझा नवरा स्त्रोयान किनाऱ्यावरून आला. तो कमी बोलणारा माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं, खुंटीवरचा आपला कोरडा सदरा काढून तिच्याजवळ ठेवला. "चुलीमागे बसव तिला," एवढंच म्हणाला.

ती चुलीमागे बसते न बसते तोच दारात मिस्लाव उभा. मागे लालदाढ्या.

"स्त्रोयान, ती पोरगी बाहेर काढ."

"कुठली पोरगी?"

"उगाच येड्याचं सोंग घेऊ नकोस. दारापर्यंत चिखलाची पावलं उमटलीत."

"पोरगी नाही, पाहुणी आहे," मी मध्ये पडले. "भाकर-मीठ खाल्लंय तिने, भावोजी. आपल्या बापजाद्यांची रीत मी तुम्हाला सांगायची?"

"तुला कुणी विचारलं?"

"दार माझं आहे. माझ्या दारात उभं राहून बोलणार असाल, तर मी उत्तर देणार."

लालदाढ्या हसला. त्याला आमची बोली तोडकीमोडकी यायची. "मुलगी माझी. मी घेतली. मुलगी नाही, तर मीठ नाही."

"ऐकलंस?" मिस्लाव म्हणाला. "गावभर मासे उघडे पडलेत. परवापर्यंत नाक धरायची पाळी येईल. हिवाळ्यात पोरांच्या पुढ्यात काय वाढणार, तुझी रीत? आणि ही आपली लागते कोण? ना ल्युतिच, ना शेजारपाजारची."

"माय म्हणाली मला. आपल्याच बोलीत."

"उद्या कावळ्याने हाक मारली, तर त्यालाही घरात घेशील."

"घेईन. निदान तो मिठासाठी माणसं विकणार नाही."

मिस्लावचे कान लाल झाले. तेव्हा स्त्रोयान बोलला. "दादा, घरातून पाहुणा देता येत नाही. तुला माहीत आहे."

"एका घराला देता येत नसेल," मिस्लाव म्हणाला, "सभेला देता येतो." आणि त्याला आपल्याच अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की तो हसून पुढे म्हणाला, "अख्ख्या गावाने मिळून दिली, तर कोण कुणाचं घर जाळणार?"

हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

दुपार व्हायच्या आत सभा भरली. आम्हा बायकांना सभेत जागा नाही. कुंपणाबाहेर उभं राहून ऐकायला मात्र कुणी मनाई केलेली नाही. देवराई राखणारा म्हातारा झेलोन ओकच्या बुंध्याला टेकून बसला होता. सभेत तो कुठल्याच बाजूने बोलत नाही. रीत काय आहे, एवढंच सांगतो. मिस्लावने एकेकाला विचारायला सुरुवात केली. कुंभार म्हणाला, द्यायची. होड्या बांधणारा सुतार म्हणाला, द्यायची. आमचा शेजारी खोतिमिर, ज्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं, तो जमिनीकडे बघत म्हणाला, द्यायची. सगळे जमिनीकडेच बघत होते. खाली काय पडलं होतं कोण जाणे.

स्त्रोयान म्हणाला, "नाही."

काठ्या आणल्या. पहिल्या चार-पाच नेहमीसारख्या पाठीवर बसल्या. झेलोनने विचारलं, स्त्रोयान म्हणाला, नाही. पुन्हा बसल्या. पुन्हा नाही. मारणाऱ्यांचीच पंचाईत झाली. इतका वेळ मारायची त्यांना सवय नव्हती. खोतिमिरने काठी खाली टाकली आणि घाम पुसायचं निमित्त करून बाजूला झाला. मी कुंपणाच्या काठीला घट्ट धरून ओरडत होते, काय ओरडत होते ते आता आठवत नाही. सभ्य काही नसणार.

मग मिस्लावने स्वतः काठी उचलली. "मी हे तुझ्यासाठीच करतोय," असं आपल्या भावाला म्हणाला आणि त्याच्या उजव्या हातावर मारली. जाळी विणायच्या बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज कुंपणाबाहेर ऐकू आला. लहानपणी याच बोटांना धरून मिस्लावने त्याला पोहायला शिकवलं होतं.

"द्यायची?" झेलोनने विचारलं.

स्त्रोयान काहीतरी पुटपुटला. झेलोनने पुन्हा विचारलं.

"हो."

"एक आवाज!" सगळे ओरडले. काय तो आनंद! जणू लढाई जिंकून आले होते.

ते तसेच माझ्या घरी आले. मी दारात आडवी झाले, तर मला दोघांनी उचलून बाजूला ठेवलं. नेझकाने दाराच्या चौकटीला मिठी मारली. ती रडत नव्हती. ती मला विचारत होती. "म्या तुई भाकर खाल्ली ना, माय? खाल्ली ना?" मिस्लावने चौकटीवरून तिचं एकेक बोट सोडवलं. बोटं हा त्या दिवशी त्याचा धंदाच झाला होता. मी तिला काय उत्तर देणार होते? खाल्लीस बाई, पण आमच्या भाकरीत दम नाही?

स्त्रोयान मागाहून आला आणि चुलीपाशी बसला. मी त्याची मोडलेली बोटं बांधायला घेतली. राग इतका आला होता की पट्टी जरा जास्तच आवळली गेली.

"दुखतंय," तो म्हणाला.

"दुखू दे." गाठ मारून मी म्हटलं, "आपल्या घराने पाहुणी दिली."

"सभेने दिली."

"आपल्या घराच्या वतीने हो कोण म्हणालं?"

"मी."

"मग?"

तो चुलीकडे बघत राहिला. मग आढ्याकडे. त्या घराचा एकेक ओंडका त्याने स्वतः तासला होता. मी काय म्हणते आहे ते त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं आहे हे मला. बाहेर लालदाढ्याची माणसं मिठाची पोती उतरवत होती, त्यांचा कल्ला ऐकू येत होता.

"शेळ्या सोडतो," स्त्रोयान म्हणाला आणि उठला.

त्या एका वाक्यासाठी मी त्याला तो 'हो' माफ केला. पूर्ण नाही, पण बराचसा.

घरदेव चुलीच्या निखाऱ्यात राहतो. त्याला आधी मडक्यात काढून घेतलं. त्याने कुणाला हो म्हटलं नव्हतं. कुऱ्हाड, जाळी आणि गोधड्या बाहेर काढल्या. मग लव्हाळ्याची पेंढी पेटवून मी आमच्या घराच्या वळचणीला लावली. आमचं घर गावाच्या टोकाला, आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला धोका नव्हता. कोरडं छप्पर एकदम धडाडलं. मी अजिबात रडले नाही. मला तेव्हा इतका संताप आला होता, की डोळ्यांत पाणी यायला जागाच नव्हती.

धूर पाहून लोक बादल्या घेऊन धावत आले.

"पाणी टाकायचं नाही!" मी ओरडले. "मी लावलीय. झेलोनबाबा, पाहुणा देणाऱ्याचं घर कुणीही जाळावं, ही रीत आहे की नाही?"

"आहे," धापा टाकत झेलोन म्हणाला.

"आणि 'कुणीही' म्हटलं की त्यात बाई आली की नाही?"

म्हाताऱ्याने दाढी खाजवली. "बाई नको, असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही."

"मग सरका."

मी दुसरी पेंढी पेटवली आणि चालू लागले. गाव माझ्या मागे. मी कुठे चालले आहे हे लोकांना कळेपर्यंत मी मिस्लावच्या दारात पोचलेही होते. गावातलं सगळ्यांत मोठं घर, त्याच उन्हाळ्यात नवं छप्पर घातलेलं. माझी जाऊ बोग्ना पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि किंचाळली.

"तिहे! अगं नातू झोपलाय आत!"

"मग उचला त्याला, जाऊबाई. थांबते मी. मला घर जाळायचंय, पोर नाही."

तिने पोराला उचलून आणलं. ते झोपेतून उठून आगीकडे बघून हसायला लागलं. तेवढ्यात किनाऱ्यावरून मिस्लाव पळत आला. अंगभर मीठ सांडलेलं.

"खाली टाक ते! खाली टाक म्हणतो ना!"

"का? तुम्ही पाहुणी दिली की नाही?"

"मी एकट्याने दिली का? सगळ्यांनी दिली!"

"तेच म्हणतेय मी. एक आवाज होता ना? मग सगळ्यांचीच जाळायला हवीत. माझं झालं. आता तुमचं, तुम्ही म्होरके. मग कुंभाराचं. मग सुताराचं. मग खोतिमिरचं." मी एकेकाकडे बघत नाव घेत होते, आणि ज्याचं नाव येईल तो आपल्या छपराकडे बघत होता. "तुम्ही विचारलं होतंत भावोजी, सगळ्यांनी मिळून दिली तर कोण कुणाचं जाळणार. मी जाळणार. मला सभेत आवाज नाही. मी कुणालाच हो म्हटलेलं नाही."

कुणी पुढे आलं नाही. जाळणाऱ्याला अडवायचं नाही ही रीत, आणि रीत मोडायची तर सभा भरवायला हवी, आणि पेंढी तर माझ्या हातात जळत होती. मिस्लाव झेलोनकडे वळला. झेलोन आभाळाकडे बघत होता.

"बोला ना काहीतरी!" बोग्ना नवऱ्यावर ओरडली. "एरवी तर तोंड बंद नसतं!"

मी पेंढी वळचणीकडे नेली. कडेचं एक लव्हाळं तडतडलं.

"मला पटलंच नव्हतं!" मिस्लाव ओरडला.

झेलोनने मान खाली आणली.

"काय म्हणालास?" झेलोनने विचारलं.

"मला मुळात पटलंच नव्हतं. पाहुणी द्यायची नाही, हेच माझं मत. मिठापायी जरा..." तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"म्हणजे तुझा आवाज वेगळा," झेलोन शांतपणे म्हणाला. "काठ्या आणा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. पोट धरून हसावं असं काही नव्हतं, घर मागे जळत होतं, पण हसले. हो म्हणावं तर छप्पर जाणार, नाही म्हणावं तर पाठ. मिस्लावने पाठ निवडली. स्त्रोयानला कुणीतरी काठी दिली. उजवा हात निकामी, म्हणून त्याने डाव्या हातात घेतली. सगळ्यांना वाटलं, भाऊ आहे, टाकून देईल. त्याने एकच हाणली, पण सणसणीत. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"द्यायची?" झेलोनने विचारलं.

"नाही! नाही द्यायची!"

मग कुंभार म्हणाला, मलाही सकाळी पटलं नव्हतं. सुतार म्हणाला, मी तर मनातल्या मनात नाहीच म्हणालो होतो. खोतिमिर म्हणाला, म्हणून तर मी काठी टाकली. एकेक करून सगळ्यांना आठवायला लागलं की आपण सकाळपासून पाहुणीच्याच बाजूचे होतो. पेंढी घेऊन मी कुणाच्या घराकडे वळते त्यावर त्यांची आठवण किती लवकर येते ते ठरत होतं. शेवटी झेलोनने विचारलं, "मग पाहुणी द्यायची नाही?"

"एक आवाज!" सगळे ओरडले.

तेच गळे. तीच आरोळी. सकाळइतकीच आनंदाची. मला किळस आली.

मग काठ्या घेऊन सगळं गाव किनाऱ्यावर धावलं. लालदाढ्या समजायचं ते समजला. त्याने नेझकाची दोरी सोडली, तिला पाण्यात ढकललं आणि माणसांना मिठाची पोती परत चढवायला सांगितली. फोडलेली पोतीसुद्धा. "मासे सडवा," जाताना म्हणाला, आमच्याच बोलीत. ते वाक्य मात्र त्याला नीट आलं.

मिस्लाव सांगत नाही ते आता सांगते. होडीत बाकीची माणसं बांधलेलीच होती. पुरुष, बायका, एक म्हातारा. त्यांनी आमच्या गावात कुणाचीच भाकर खाल्ली नव्हती, म्हणून ती कुणाचीच पाहुणी नव्हती. हातात काठ्या घेतलेलं सबंध गाव किनाऱ्यावर उभं होतं आणि लालदाढ्याची माणसं होती अवघी मूठभर, तरी कुणी पाऊल पुढे टाकलं नाही. त्यांच्याविषयी सभेत काही ठरलं नव्हतं ना! होड्या वळल्या तेव्हा ती माणसं आमच्याकडे बघत होती. आमचे लोक पुन्हा जमिनीकडे बघत होते.

मासे निम्मे सडले. निम्मे धुरावर वाळवले. हिवाळाभर पोरं तोंडं वाकडी करून ते खात होती आणि त्यांच्या आया "खा, तिहामावशीची कृपा" म्हणत वाढत होत्या. धुराचं मला काही सांगू नका म्हटलं, माझं अख्खं घर त्यात गेलंय.

पण ते नंतर. त्या दिवशी उन्हं कलली तेव्हा नेझका माझ्या अंगणात दगडांवर बसली होती. पायाचे दगड अजून गरम होते. गावातल्या बायका येत होत्या, आमच्याकडे चल, आमच्याकडे चल म्हणत होत्या. बोग्नाने मध लावलेली भाकर आणली. नेझकाने कुणाकडे मान वर करूनही पाहिलं नाही. कुठल्याच दारातून ती आत जायला तयार नव्हती. मी तिला कशी म्हणणार, चल? माझ्याकडे दार राहिलं नव्हतं.

मडक्यातल्या निखाऱ्यांवर मी सकाळची भाकर शेकली. तुकडा तोडून तिच्यापुढे धरला. "मीठ नाही गं," मी म्हटलं.

तिने तुकडा घेतला. बराच वेळ हातात धरून ठेवला. मग माझ्याच हातात परत दिला.

"आधी तू खाय, माय."

मी खाल्ला. माझा घास गिळून होईपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत होती. मग तिने उरलेल्या भाकरीला हात लावला.

दगडांच्या शेजारी स्त्रोयानने नवं घर बांधलं, वाकड्या बोटांनी. नेझका आमच्याकडेच राहिली. तिची बोली आता आमच्यासारखी झाली आहे, चाल कळतही नाही. मिस्लाव पाहुण्यांना दगड दाखवायला आणतो, तेव्हा कधी कधी आमची जेवायची वेळ असते. बाहेर त्याचं 'आम्ही, आम्ही' चाललेलं असतं. आत भाकर वाढलेली असते, आणि इतकी वर्षं झाली तरी ती पोर माझ्या पहिल्या घासासाठी थांबलेली असते.